'कडूकारलं' यांच्या कमेंटला उत्तर: लॉकची कॉपी, जेफरसनचे गुलाम आणि माझी एक चूक

कडूकारलं (साहेब की ताई ते आयडीवरून कळत नाहीये, म्हणून नुसतं कारलं म्हणतो, राग मानू नका), तुमची कमेंट मंगळवारी रात्री वाचली आणि खरं सांगू का, आधी डोकंच सटकलं. मग दोन दिवस जाऊ दिले, थॉमस जेफरसनने लिहिलेल्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा ड्राफ्ट परत उघडून बसलो आणि आता लिहितोय. कमेंटच्या खोक्यात मावेना म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की युरोपातल्या एनलायटनमेंटच्या, म्हणजे परंपरेपेक्षा बुद्धीला मान देणाऱ्या वैचारिक चळवळीच्या, विचारांवर अमेरिकेचं सुरुवातीचं राजकीय लिखाण उभं राहिलं, म्हणजे १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, थॉमस पेनचं 'कॉमन सेन्स', नव्या राज्यघटनेच्या बाजूने लिहिलेले फेडरलिस्टचे लेख वगैरे. (एनलायटनमेंटला 'प्रबोधन' का म्हणत नाही असं एकाने विचारलंय, तर शाळेच्या पुस्तकात तो शब्द रेनेसाँसला दिलाय, आणि 'ज्ञानोदय' म्हटलं की मला एखाद्या वाचनालयाचं नाव वाटतं, म्हणून इंग्रजीच ठेवला.) त्यावर कारलं यांचं म्हणणं असं की जाहीरनामा ही सतराव्या शतकातल्या इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकची सरळ कॉपी आहे, त्यात अमेरिकन असं काहीच नाही. बेंजामिन फ्रँकलिनचा (मसुदा समितीतला जेफरसनचा सहकारी) जो किस्सा मी सांगितला तो दंतकथा आहे. 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्याच्या घरी गुलाम राबत होते, म्हणजे 'लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण', मग त्या कागदाचं कौतुक कसलं करता. आणि जाता जाता टोमणा, की चार श्रीमंत मळेवाल्यांनी चार पुस्तकं वाचून काय खरडलं त्याच्याशी मराठी माणसाचं देणंघेणं काय.

फ्रँकलिनचं आधी उरकून टाकतो कारण तिथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. जेफरसनने आधी लिहिलं होतं की ही सत्यं 'पवित्र आणि नाकारता न येणारी' आहेत, ते खोडून वर 'स्वयंसिद्ध' असा बदल झालाय. मी ठोकून दिलं की तो बदल फ्रँकलिनने केला. तसं सांगतात खूप जण, पण अक्षर फ्रँकलिनचं की खुद्द जेफरसनचं यावर अभ्यासकांचंच एकमत नाही, पक्का पुरावा कुणाकडे नाही. गोष्ट छान वाटली म्हणून लिहून मोकळा झालो. चूक माझी. बदलाचा अर्थ मात्र तोच राहतो, खोडणारा हात कुणाचाही असो. 'पवित्र' म्हटलं की धर्माची भाषा आली, 'स्वयंसिद्ध' म्हटलं की भूमितीची. हातच्या कांकणाला आरसा कशाला, त्यातली गत. देवाने सांगितलं म्हणून नाही तर डोकं असलेल्या कुणालाही दिसेल म्हणून खरं, हा जो सूर आहे ना तोच एनलायटनमेंटचा. जेफरसनने १७८९ च्या एका पत्रात जगातली आजवरची तीन सर्वात मोठी माणसं म्हणून बेकन, न्यूटन आणि लॉक यांची नावं लिहिली होती. राजाचं नाव नाही, सेनापतीचं नाही, संताचंही नाही.

आता लॉकची कॉपी. गंमत म्हणजे हा आरोप तुमच्या आधी दोनशे वर्षं होऊन गेलाय, आणि करणारे काही ऐरेगैरे नव्हते. रिचर्ड हेन्री ली, ज्याने काँग्रेसमध्ये (म्हणजे अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत) स्वातंत्र्याचा ठराव मांडला तोच माणूस, म्हणायचा की हे लॉकच्या पुस्तकातून उतरवलंय. जॉन अॅडम्स तर मसुदा समितीत होता, त्याने १८२२ साली म्हातारपणी एका पत्रात लिहिलं की यातली एकही कल्पना अशी नाही जी काँग्रेसमध्ये आधी दोन वर्षं चघळून चोथा झाली नव्हती. जेफरसनला ते लागलं असणार. पुढच्या वर्षी त्याने आपला मित्र जेम्स मॅडिसनला लिहिलं की मी लिहिताना ना पुस्तक उघडलं ना पॅम्फलेट. १८२५ मध्ये अजून एका पत्रात तो म्हणतो की नवीन तत्त्वं शोधून काढायची हा उद्देशच नव्हता, अमेरिकन मनात जे होतं ते मांडायचं होतं, आणि ते कुठून आलं तर लोकांच्या गप्पांतून, पत्रांतून, छापील लेखांतून आणि अॅरिस्टॉटल, सिसेरो, लॉक, सिडनी अशांच्या पुस्तकांतून. म्हणजे आरोपीने स्वतःच अर्धा गुन्हा कबूल केलाय बघा.

आणि तुमच्या बाजूने मी अजून पुरावा देतो. लॉकच्या राज्यकारभारावरच्या पुस्तकात, दुसऱ्या ट्रीटाइझमध्ये, कलम २२५ ला वाक्य आहे की अत्याचार, टाळाटाळ आणि लबाड्यांची एक लांबच लांब मालिका एकाच दिशेने जाताना लोकांना दिसली की ते उठतात. जाहीरनाम्यात काय आहे? 'अत्याचार आणि हडपशाहीची लांबच लांब मालिका', इंग्रजीत तर सुरुवातीचे चार शब्द जसेच्या तसे. त्याच पुस्तकात थोडं पुढे लॉक म्हणतो की लोक प्रतिकार करून न्याय मिळवण्यापेक्षा सोसत राहणं पसंत करतात, ते वाक्यही जाहीरनाम्यात थोडंसं वळवून आलंय. पुस्तक उघडलं नसेल हो त्याने, पण पुस्तक पाठ होतं. आपल्याकडे कीर्तनकार काय पोथी उघडून ओवी म्हणतो का?

पण कारलं, कॉपी म्हटली की माझा तुमच्याशी वाद सुरू होतो, कारण कॉपी करणारा जिथे मूळ संपतं तिथे थांबतो. लॉकचं त्रिकूट होतं जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता, जेफरसनच्या कागदात मालमत्ता गायब आणि तिथे 'सुखाचा शोध' आलाय. मध्ये एक पायरी आहे. जेफरसनच्या थोडं आधी, १२ जून १७७६ ला व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला, जॉर्ज मेसनने लिहिलेला, त्यात मालमत्ताही आहे आणि सुखही आहे. जेफरसनने त्यातली मालमत्ता उडवली. आणि 'सुखाचा शोध' हे शब्दसुद्धा लॉकमध्येच सापडतात, मानवी आकलनावरच्या त्याच्या निबंधात, म्हणजे राजकारणाच्या पुस्तकातला शब्द काढून मानसशास्त्राच्या पुस्तकातला तिथे बसवला असं म्हणा हवं तर. धर्मस्वातंत्र्यात हे जास्त स्वच्छ दिसतं. लॉकने धार्मिक सहिष्णुतेवर लिहिलं पण नास्तिकांना ती नाकारली, पोपच्या आज्ञेतल्या लोकांनाही वगळल्यासारखंच. त्यावर जेफरसनने १७७६ च्या आपल्या टिपणात लिहिलंय की त्याने एवढं केलं हेच मोठं, पण तो जिथे थांबला तिथून आपण पुढे जाऊ शकतो. हे नुसतं टिपणात राहिलं नाही, १७८६ मध्ये व्हर्जिनियात तसा कायदा झाला, कुणालाही कुठल्याही चर्चला पैसे द्यायची सक्ती नाही आणि धर्मामुळे नागरिक म्हणून काही कमी-जास्त नाही.

बरं, तुम्ही आणि मी दोघंही लॉक लॉक करतोय, त्यातही माझं चुकलंच. डोनाल्ड लट्झ नावाच्या अभ्यासकाने १७६० ते १८०५ मधलं अमेरिकन राजकीय लिखाण घेऊन कुणाचा उल्लेख किती वेळा येतो ते मोजलं, आणि एकूण उल्लेखांत फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू ८.३ टक्के, इंग्लिश कायदेपंडित ब्लॅकस्टन ७.९ आणि लॉक बिचारा २.९. सगळ्यात जास्त उल्लेख कशाचे? बायबलचे, ३४ टक्के, कारण चर्चमधली प्रवचनं तेव्हा पॅम्फलेट म्हणून छापून विकली जायची. एनलायटनमेंटचे लेखक सगळे मिळून २२ टक्के. तेव्हा 'एनलायटनमेंटने घडवलं' हे माझं वाक्य जरा ऐटीतच होतं, बायबलच्या मांडीला मांडी लावून बसलं होतं असं म्हणायला हवं होतं. ब्रिटनशी फारकत घ्यायची होती तोवर लॉक जास्त कामाचा होता, राज्यघटना बनवायची वेळ आली तसा माँटेस्क्यू पुढे आला.

आणि माँटेस्क्यूशी ते जे वागले ते बघा म्हणजे 'कॉपी' हा शब्द गळून पडेल. त्याचं पुस्तक १७४८ चं. त्यात सत्तेचे तीन भाग वेगळे ठेवा हे आहे, आणि प्रजासत्ताक हे छोट्याच प्रदेशात टिकतं हेही आहे. १७८७ मध्ये नवीन राज्यघटनेचे विरोधक नेमकं हेच दुसरं घेऊन उभे राहिले, की एवढा मोठा देश एका प्रजासत्ताकात कसा बसेल, माँटेस्क्यू वाचा! आता आली का पंचाईत. घटनेच्या बाजूच्या हॅमिल्टनने फेडरलिस्टच्या ९ व्या लेखात माँटेस्क्यूच्याच पुस्तकातून राज्यांचा संघ करा हा भाग काढून तोंडावर मारला. आणि १० व्या लेखात मॅडिसनने तर पाटच उलटा केला, म्हणाला देश मोठा असणं हाच फायदा, छोट्या जागेत एका गटाचं बहुमत पटकन होतं आणि ते बाकीच्यांना चिरडतं, मोठ्या देशात इतके गट, इतके हितसंबंध की एकाला सगळ्यांवर बसता येत नाही. ही कल्पना त्याने स्कॉटलंडच्या तत्त्वज्ञ ह्यूमच्या १७५२ च्या निबंधातून घेतली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. आणि ४७ व्या लेखात हाच मॅडिसन सत्ताविभाजनाचा विषय निघाला की माँटेस्क्यूला 'नेहमी ज्याचा कौल लावला जातो तो' म्हणून हात जोडतो. देव तोच, नवस सोयीचा. ८५ लेख, सगळे 'पब्लियस' या एका टोपणनावाने, बहुतेक न्यूयॉर्कच्या पेपरांत, मतं फिरवायच्या घाईत लिहिलेले. आजच्या भाषेत प्रचाराची थ्रेडच म्हणा.

'चार श्रीमंत मळेवाले' याला एका माणसाचंच उत्तर पुरेल, थॉमस पेन. हा इंग्लंडातला बायकांचे कॉर्सेट शिवणारा कारागीर, मग अबकारी खात्यात चिकटला, तिथून दोनदा काढला, फ्रँकलिनची शिफारस चिठ्ठी खिशात घालून नोव्हेंबर १७७४ अखेर फिलाडेल्फियात उतरला आणि १४ महिन्यांत, जानेवारी १७७६ ला, त्याचं 'कॉमन सेन्स' निनावी छापून आलं. ते वाचताना सतत जाणवतं की लॅटिन अवतरणं नाहीत, पांडित्य नाही, सरळ धारेवर धरलंय. म्हणे राजघराण्याचा मूळपुरुष कोण तर हत्यारबंद टोळी घेऊन उतरलेला एक फ्रेंच अनौरस पोरगा (विल्यम द कॉंकररला म्हणतोय तो!). म्हणे बेटाने कायम खंडावर राज्य करावं हे विचित्र नाही का. म्हणे आमच्याकडे राजा कोण तर कायदा, आणि तेवढ्या समारंभापुरता एक मुकुट घ्या, कायद्यावर ठेवा, आणि मग कुणी त्याचा गैरवापर करू नये म्हणून फोडून त्याचे तुकडे लोकांत वाटून टाका. मला हे चित्र भयंकर आवडतं. आणि राजेशाही चूक आहे हे पटवायला हा पठ्ठ्या बायबलमधलं शमुवेलाचं पुस्तक पानंच्या पानं वापरतो, इस्राएल लोकांनी राजा मागितला तेव्हा देव कसा नाराज झाला ते. अॅडम्सने लिहून ठेवलंय की याबद्दल छेडल्यावर पेन हसला आणि जुन्या कराराबद्दल त्याने तुच्छतेनेच बोलून दाखवलं. पुढे १७९४ मध्ये त्याने बायबलवरच उघड तोफ डागली. वाचक कोण आहे हे ओळखून लिहिणं म्हणजे काय ते इथे शिकावं. आणि हो, हाच पेन नंतर म्हणाला की मी लॉक कधी वाचला नाही, पुस्तक हातातही धरलं नाही. विचार हवेत असले की पुस्तक लागत नाही हो.

मराठी माणसाचं देणंघेणंही इथेच येतं, एका वाक्यात सांगतो, कारण यावर वेगळा लेख व्हायला हवा: याच पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' तरुण जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचलं, आणि १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. फुले काही पेनमुळे फुले झाले असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याकडे सांगायला स्वतःचं पुरेसं होतं. पण देणंघेणं काय असं तुम्ही विचारलंत, तर घेणं हे असं होतं.

आता तुमचा खरा मुद्दा, जिथे मला दोन दिवस लागले.

जेफरसनने जाहीरनामा लिहिला तो फिलाडेल्फियात भाड्याच्या खोल्यांत, जेकब ग्राफ नावाच्या गवंड्याच्या घरात. खोलीत त्याच्या सेवेला कोण होतं माहितीये? रॉबर्ट हेमिंग्ज, १४ वर्षांचा मुलगा, जेफरसनचा गुलाम आणि त्याच्या बायकोचा सावत्र भाऊ, कारण बाप एकच. म्हणजे 'सगळी माणसं समान' हे वाक्य कागदावर उतरत असताना मेव्हणाच गुलाम म्हणून कपडे-बूट बघत होता. मी मागच्या लेखात हे लिहिलं नाही. माहीत नव्हतं असंही नाही, लेखाचा सूर बिघडेल म्हणून टाळलं, आणि तुमच्या कमेंटमधलं हेच मला लागलं. जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. लॉकचंही काही स्वच्छ नाही, गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत त्याचे पैसे होते, आणि कॅरोलायनाच्या १६६९ च्या ज्या मसुद्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला त्याच्या काळ्या गुलामावर पूर्ण अधिकार दिलाय त्या कामात तो सेक्रेटरी म्हणून होता. ह्यूमची काळ्या लोकांबद्दलची एक तळटीप आज वाचवत नाही. तेव्हा दोष फक्त अमेरिकनांचा, विचार मात्र धुतल्या तांदळासारखे, असा बचाव मी करणार नाही.

कच्च्या ड्राफ्टमध्ये गुलामांच्या व्यापारावर एक अख्खा परिच्छेद आहे, काँग्रेसने तो काढून टाकला. मी परवा परत वाचला. ज्या बाजारात माणसं विकत घेतली आणि विकली जातात तो बाजार राजाने चालू ठेवला, असं तो लिहितो आणि 'माणसं' हा शब्द जेफरसनने मोठ्या अक्षरांत काढलाय, सगळ्या पानात डोळ्यात भरतो. वाचून वाटतं वा, आणि पुढच्या ओळीत तोच माणूस तक्रार करतो की राजा आता त्याच गुलामांना आमच्याविरुद्ध शस्त्र उचलायला चिथावतोय! म्हणजे तुम्ही धरलेल्या लोकांना कुणी सुटायचा रस्ता दाखवला तर तोही राजाचा गुन्हा. व्यापाराचं सगळं पाप एकट्या तिसऱ्या जॉर्जच्या डोक्यावर, आणि विकत घेणारे कोण, त्याबद्दल अवाक्षर नाही. १७७५ मध्येच लंडनमध्ये लेखक सॅम्युअल जॉन्सनने विचारलं होतं की स्वातंत्र्यासाठी सगळ्यात मोठ्याने केकाटणारे हे गुलामांना हाकणारेच कसे काय. तुमची कमेंट साधारण तीच आहे, अडीचशे वर्षांनी मराठीत.

पण मग त्या कागदाचं कौतुक करूच नये का? इथे मी तुमच्यापासून वेगळा होतो, कारण शब्द एकदा छापले की लिहिणाऱ्याच्या खिशात राहत नाहीत. जानेवारी १७७७ मध्ये, जाहीरनामा निघून जेमतेम सहा महिने झाले होते, प्रिन्स हॉल आणि इतर काळ्या लोकांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज केला, भाषा तीच, नैसर्गिक आणि हिरावून न घेता येणारा हक्क. १७९१ मध्ये बेंजामिन बॅनेकर या मेरीलँडच्या स्वतंत्र काळ्या गणितज्ञाने आपलं पंचांग जेफरसनला पाठवलं आणि सोबतच्या पत्रात जाहीरनाम्यातलं त्याचंच वाक्य त्याला वाचून दाखवलं. जेफरसनने छान सभ्य उत्तर दिलं, पंचांग पॅरिसला फ्रेंच गणितज्ञ काँदोर्सेकडे पाठवलं, आणि १८०९ मध्ये दुसऱ्याच एका पत्रात बॅनेकरची अक्कल बेताचीच म्हणून मोकळा झाला. कारलं, याला तुम्ही ढोंग म्हणा, मी आड येणार नाही.

आणि एक बाई. मॅसॅच्युसेट्समध्ये शेफिल्ड गावात जॉन अॅशली नावाचा बडा माणूस, त्याच्या घरी बेट नावाची गुलाम बाई होती. जानेवारी १७७३ मध्ये गावातले लोक अॅशलीच्या घरी बसले आणि ब्रिटिशांविरुद्ध एक ठराव तयार केला, त्यात वाक्य आहे की निसर्गावस्थेत माणसं समान, स्वतंत्र आणि एकमेकांपासून मोकळी असतात. शुद्ध लॉक. लिहून घेणारा थिओडोर सेजविक नावाचा तरुण वकील. बेटला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण घर तिचंही होतं, म्हणजे झाडलोट तिची होती, आणि घरात बोललेलं तिच्या कानावर पडत होतं. सांगतात की मालकिणीने एकदा तापलेलं फावडं उगारलं ते बेटने मध्ये पडून हातावर झेललं, तो व्रण तिने आयुष्यभर झाकला नाही. १७८० मध्ये राज्याची घटना आली, पहिलंच कलम की सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. बेट उठली आणि गेली त्याच सेजविककडे, ज्याने तो ठराव लिहिला होता. १७८१ मध्ये ज्यूरीने ती आणि ब्रॉम नावाचा दुसरा गुलाम मुक्त असल्याचा निकाल दिला, वर ३० शिलिंग नुकसानभरपाई अॅशलीवर बसवली. अॅशलीने अपील केलं आणि मग सोडून दिलं. नंतर त्याने तिला परत बोलावलं, पगार देतो म्हणाला. ती गेली नाही. सेजविकच्या घरी पगारावर राहिली आणि नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन.

हे मागच्या लेखात असायला हवं होतं, फ्रँकलिनच्या किश्श्याच्या जागी. आज सकाळी तो किस्सा काढला, तिथे हिचं टाकलंय, आणि जेफरसनच्या परिच्छेदात रॉबर्ट हेमिंग्जचं नाव घातलंय. लट्झचे आकडे अजून टाकायचेत, रविवारी टाकतो.